गूळतुला आणि आयरिसिन

आमच्या हिंगणखेड्यात बुधवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळावरचा भोंगा सुरू होतो. आधी नळाला पाणी कधी सुटणार ते सांगतात, मग कोणाची शेळी कोणाच्या हरभऱ्यात शिरली ते, आणि शेवटी स्नेहलचं वजन. बाहेरगावचा माणूस हे पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, आपल्या कानात काहीतरी बिघाड झालाय. बिघाड गावात आहे. मी इथल्या जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक, त्यात याच गावचा, त्यामुळे असं म्हणायचा मला पूर्ण हक्क आहे.

स्नेहल माझ्याच शाळेत सहावीत आहे. हिलाल आबांची नात. ही पोर आठव्या महिन्यातच धुळ्याच्या एका दवाखान्यात जन्मली, ती बाराशे ग्रॅमची. काचेच्या पेटीत ठेवली होती. बाप वरणगावला नोकरीला, आई सारिका खाटेवर ग्लानीत, आणि व्हरांड्यात उभे एकटे आबा. तिथूनच त्यांनी मुक्ताईला हात जोडले. पोरगी वाचली तर बाराव्या वर्षी तिची गूळतुला करीन, म्हणजे एका पारड्यात पोरगी, दुसऱ्यात तिच्या वजनाचा गूळ, आणि तो गूळ प्रसाद म्हणून गावात घरोघर वाटीन. पोरगी वाचली आणि नवस फेडायचा राहिला.

इथवर कोणाची काही तक्रार नव्हती. नवस कोण बोलत नाही? पण पोरीला अकरावं सरलं आणि गावाच्या डोक्यात प्रकाश पडला की पोरगी जितकी वजनदार, तितका प्रसाद मोठा. झालं. गुळाला मुंगळे लागावेत तसं गाव स्नेहलला लागलं. ती शाळेत निघाली की एका दारातून दाळ-बट्टी, दुसऱ्या दारातून मांड्याचा तुकडा, नथ्थू दुकानदाराकडून शेवेची पुडी. कोणी फार मायेने देत होतं असं नाही, आणि कोणी वाईट मनाने देत होतं असंही नाही. उसाला पाणी सोडतात तसं आपलं सोडत होते.

त्यात आमचे उपसरपंच रुपचंदभाऊ. ते कापूस खरेदी करतात, त्यांच्याकडे मोठा काटा आहे, आणि भोंग्याचा माईकही त्यांच्याच ताब्यात आहे. या माणसाला माईक हातात घेता येतो, बंद करता येत नाही. दर बुधवारी ते स्नेहलला कापसाच्या काट्यावर उभं करायचे आणि आकडा गावाला सांगायचे. मागच्या आठवड्यापेक्षा वाढला असेल तर आवाज चढायचा, तेवढाच राहिला असेल तर जरा समजुतीचा व्हायचा.

एका बुधवारी मधल्या सुट्टीत स्नेहल माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"गुरुजी, माले पारडामा बसनं नही."

"आबांना सांगितलंस?"

"सांगं ना. आबाले सांगं, मायले सांगं, रुपचंदभाऊले सांगं. बठ्ठा म्हणतस, हां हां, हाई खाई ले."

आवाज चढवला नव्हता, रडलीही नव्हती. सगळ्या गावासमोर, डफाच्या तालावर, कापसाच्या गाठीसारखं लटकून बसायचं आणि आपल्या समोर ढेपांवर ढेप चढताना बघायची, ही कल्पनाच त्या पोरीला रात्रंदिवस खात होती. तिच्यासाठी माझा फार जीव तुटला. मी तिथल्या तिथे ठरवलं, आज म्हाताऱ्याला सरळ करायचं.

म्हातारा शाळेच्या फाटकातच सापडला. आबा रोज मधल्या सुट्टीत डबा घेऊन यायचे. शाळेत पोषण आहार मिळतो, पोरगी घरून जेवून येते, तरी हा तिसरा डबा. आबा स्वतः काटकुळे, धोतर कमरेला कसं टिकतं हेच नवल.

मी म्हटलं, "आबा, पोर नको म्हणी ऱ्हायनी. तिनं ऐका जरा."

"गुरुजी, तुम्ही शिकेल मानूस शेतस. माले धुळाना डॉक्टरनी काय सांगेल शे? वजन वाढनं, तरच पोर वाची."

"आबा, त्या गोष्टले अकरा वरीस व्हई गयात!"

"व्हयनात ना. पन आते बस करा, असं त्यानी कोठे सांगं?"

आबा चेष्टा करत नव्हते. काचेच्या पेटीपाशी एका डॉक्टरने घाईघाईत टाकलेलं वाक्य त्यांनी पोटाशी धरलं होतं, आणि ते मागे घ्यायला कोणी आलं नव्हतं. मी आल्या पावली वर्गात परतलो आणि निष्कारण तिसरीच्या पोरांवर खेकसलो.

अशात धुळ्याहून डॉक्टर मृणाली आल्या. तरुण बाई, मूळच्या शिरपूरकडच्या, बोलणं मोकळं. मुलांचं वजन आणि स्नायूंतून रक्तात उतरणारं एक हार्मोन यांचा काय संबंध असतो, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. आमच्या शाळेतल्या मुलांचं रक्त तपासायचं, काही आठवडे त्यांना पळवायचं, उड्या मारायला लावायचं, आणि पुन्हा तपासायचं. पालकांची परवानगी घेण्यासाठी मी शाळेत सभा बोलावली. गाव एरवी पालकसभेला येत नाही. स्नेहलचंही नाव आहे म्हटल्यावर ज्यांना पोरंबाळं नाहीत तेही आले.

"या हार्मोनचं नाव आयरिसिन," मृणालीताई म्हणाल्या. "आपण मेहनत केली की स्नायू हे सोडतात. त्याचा चरबीला निरोप असतो, की नुसती साठून बसू नकोस, जळायला लाग."

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच दृश्य, गूळ जळतोय.

रुपचंदभाऊ उठले. "म्याडम, तुमनं काम चांगलं शे. पन आमनी स्नेहलले सोडी द्या. संक्रांतनी गूळतुला व्हई जाऊ द्या, मंग तिले काय जाळनं ते जाळा."

"तिला कोणी जाळत नाहीये हो," मृणालीताई म्हणाल्या. "आणि नाव तिने स्वतः दिलंय, आईने सही केलीय."

सगळ्यांच्या माना सारिकाकडे वळल्या. सारिका सासऱ्यापुढे कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशीही उघडलं नाही, पण मान खालीही घातली नाही. गावाने चार दिवस तिच्याशी बोलणं टाकलं, आणि दारोदारची शेव दुप्पट केली, जळणाऱ्या भागाची भरपाई म्हणून.

रक्ताच्या नळ्या धुळ्याला गेल्या. महिन्याभराने ताई परत आल्या तेव्हा सभेला बसायला जागा नव्हती. त्यांनी आधीच बजावलं, कोणत्या मुलाचं काय आलं ते सांगणार नाही, एकूण काय दिसतंय तेवढंच सांगेन.

"आपल्याला वाटेल, ज्यांचं वजन जास्त त्यांच्यात हे हार्मोन कमी असेल. इथे उलटं दिसतंय. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये ते जास्त आहे. बाहेरच्या काही अभ्यासांतही असंच आलंय, काहींत नाही आलं. का, ते नक्की माहीत नाही."

"म्हंजे जितलं हार्मोन जास्ती, तितलं वजन जास्ती?" रुपचंदभाऊंनी विचारलं.

"एकत्र दिसतात एवढंच. कशामुळे काय, ते..."

"आनि हार्मोन कशानी वाढस?"

"मेहनत केली की काही वेळ वाढतं असं दिसतं, पण..."

ताईंचा हा "पण" टाळ्यांत बुडाला. गावाने गणित सोडवलं होतं. मेहनतीने हार्मोन वाढतं, हार्मोन वाढलं की वजन वाढतं, म्हणजे स्नेहलला पळवली की गूळ वाढला! इतका वेळ ज्या बाईला गावाबाहेर काढायचं चाललं होतं, तिला आता शाल आणि श्रीफळ.

मला राहवलं नाही. मी उठून ओरडलो, "अरे, छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडतो का?"

"पडत नही," रुपचंदभाऊ शांतपणे म्हणाले, "पन गुरुजी, उघडी पाहाले काय हरकत शे?"

पालथ्या घड्यावर पाणी. लोक चहाला उठले. मृणालीताई फळ्यापाशी खडू हातात धरून तशाच उभ्या, त्यांचं सांगणं अर्धं राहिलेलं. ऐकायला समोर फक्त स्नेहल उरली होती. आणि मी, पण मी रागाने सतरंज्या गुंडाळत होतो.

"म्याडम, मंग जास्ती काबर ऱ्हास?" स्नेहलने विचारलं.

"एक अंदाज सांगते हं, अंदाजच. स्नायू निरोप पाठवतो. पण ज्याला पाठवतो, त्याला तो नीट पोचतच नसेल. मग स्नायू आणखी पाठवतो, आणखी पाठवतो. म्हणून रक्तात इतकं साठतं. हाका वाढल्यात, कारण ऐकणारं कोणी नाही."

स्नेहल फळ्याजवळ गेली. मग म्हणाली, "मंग त्या स्नायूनी काय करानं?"

"तेच तर शोधतेय गं," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून हिंगणखेड्यात जे सुरू झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मीही विश्वास ठेवला नसता. सकाळी डफ वाजायचा. स्नेहल पळायची, तिच्या मागे मोटारसायकलवर रुपचंदभाऊ, त्यांच्या मागे धापा टाकत आबा, हातात डबा. ती थांबली की आबा डबा उघडायचे आणि रुपचंदभाऊ "हार्मोन! हार्मोन!" असं ओरडून तिला पुन्हा पिटाळायचे. तालमीतला अमृत पहिलवान तिच्या शेजारी बैठका मारायला लागला, वाऱ्यावर काही उडालंच तर आपल्याला लागावं म्हणून. आमच्या चौथीतल्या युवराजची आई वाटी घेऊन मृणालीताईंकडे गेली. तिचा युवराज काडीसारखा. "ताई, तिनामातून चमचाभर मन्हा पोरले द्या ना. तिले काय कमी शे?" ताईंनी तिला समजावलं की हे इतकं थोडं असतं की ग्रॅमचे अब्जावे भाग मोजावे लागतात. ती म्हणाली, मग अर्धा चमचा द्या. गाढवाला गुळाची चव काय, असं आपण म्हणतो. इथे गुळाची चव लागली होती, बाकी सगळं राहिलं होतं.

एक गोष्ट मात्र या वेडेपणात चांगली झाली. मी स्नेहलच्या हातात शाळेचा लोखंडी गोळा दिला. पोरीने असा काही फेकला की तो मैदान ओलांडून शेजारच्या अभिमनच्या कडब्याच्या गंजीत जाऊन रुतला. सगळा वर्ग "ओ माय" म्हणून उभा राहिला. स्नेहल हसली. मी तिला जन्मापासून ओळखतो, पण इतकं तोंडभर हसताना तेव्हाच पाहिलं. त्यानंतर ती रोज गोळा मागायला लागली. आबा डबा घेऊन आले की म्हणायची, "आते नही आबा, फेकी लेऊ द्या." आबा म्हणायचे, "हां हां, हाई खाई ले."

वजन जिथल्या तिथे होतं. बुधवारच्या भोंग्याचा आवाज उदास होत चालला. नथ्थूचं म्हणणं, हार्मोन अजून मुरलं नसेल.

संक्रांतीनंतरच्या रविवारी गूळतुला ठरली. चावडीपुढच्या चिंचेला जुना मोठा तराजू टांगला, साखळ्यांना झेंडूच्या माळा. आबांनी जळगावहून ढेपा आणल्या होत्या, त्या पोत्यांवर रचलेल्या. प्रत्येक घरातून एक माणूस पातेलं घेऊन आलेला. काही घरांतून दोन माणसं, दोन पातेली. मृणालीताईंना मानाने खुर्ची दिली होती, हार्मोनवाल्या बाई म्हणून. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "गुरुजी, हे थांबवता येणार नाही का?" मी म्हटलं, सकाळपासून तीनदा भांडून आलोय. खरंच आलो होतो. शेवटी रुपचंदभाऊंनी मला प्रसाद वाटपाचं अध्यक्षपद देऊ केलं, यावरून काय ते समजा.

डफ वाजायला लागला. स्नेहल सारिकाबरोबर आली. नवा परकर-पोलका, कपाळाला कुंकू, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं एक गाठोडं. लोकांना वाटलं, मुक्ताईची मूर्ती असेल. वाट सोडली, काहींनी हात जोडले. रुपचंदभाऊ माईक घेऊन पारड्यापाशीच उभे, आकडा पुकारायला.

स्नेहल पारड्यापाशी थांबली. बसली नाही. तिने गाठोडं अलगद पारड्यात ठेवलं आणि वरचं फडकं बाजूला केलं. आत एक पांढरं झबलं होतं, माझ्या तळहातापेक्षा थोडंसं मोठं. झबल्यात नथ्थूच्या दुकानातली वजनं होती, एक किलोचं एक आणि दोनशे ग्रॅमचं एक.

डफ आपोआप थांबला.

"हाई काय शे व पोरी?" रुपचंदभाऊंनी विचारलं, आणि सवयीने माईक पुढे केला.

स्नेहल आबांकडे बघत होती. आवाज नेहमीचाच, हळू. पण माईक चालू होता, आणि ती जे बोलली ते देवळावरून, चावडीवरून, पार पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू गेलं.

"आबा, तुम्ही नवस हाई पोरना करा व्हता. पेटीमातली पोरना. तिलेच तोली ऱ्हायनी मी."

आबांचे डोळे झबल्यावर होते. ते झबलं त्यांनीच घेतलं होतं, धुळ्यात, दवाखान्यासमोरच्या दुकानातून, आणि ते पोरीला इतकं ढगळ झालं होतं की सारिकाने तसंच घरी ट्रंकेत जपून ठेवलं.

"ती पोर वाचनी आबा," स्नेहल म्हणाली. "मी वाची गयी. आते माले वाचाडू नका."

कोणीतरी मागून "अरे, पन गूळ..." म्हणालं, आणि त्याच्या शेजारच्यानेच त्याच्या हातातलं पातेलं खाली दाबलं.

आबा पारड्यापाशी आले. दोन्ही वजनं झबल्यासकट उचलून त्यांनी तळहातावर घेतली, पोर घ्यावं तशी, मान सांभाळून. मग वळले ते थेट मृणालीताईंकडे. त्यांच्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले.

"म्याडम, तुम्ही धुळानाच डॉक्टर ना?"

"हो आबा."

"मंग सांगा. बस करू का?"

मृणालीताई इतक्या महिन्यांत कुठल्याही प्रश्नाला "नक्की माहीत नाही" याशिवाय उत्तर देत नव्हत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही, कारण मलाच नीट दिसत नव्हतं.

"हो आबा," त्या म्हणाल्या. "बस करा. वाचली ती. नक्की."

आबा तिथेच जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले. अकरा वर्षांपूर्वी व्हरांड्यात रडायचं राहून गेलं असावं. स्नेहल त्यांच्याजवळ बसली आणि त्यांची टोपी सरळ करत राहिली.

नवस मात्र फेडला. बाराशे ग्रॅम गूळ तोलला गेला आणि तोच वाटला. अध्यक्षपद नाकारलं होतं तरी वाटायला मीच बसलो. पातेल्यात टाकला तर दिसेना, म्हणून लोकांनी बोटाच्या टोकावर घेतला. रुपचंदभाऊंनी आपल्या बोटावरचा कण उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "म्याडम, हाई आते तुमना हार्मोनना मापमा बसनं." उरलेल्या ढेपा आबांनी शाळेला दिल्या. अजून पोषण आहाराच्या लापशीत गूळच गूळ असतो, आणि युवराजची आई म्हणते, तिच्या पोराला आता मानवतोय.

बुधवारी भोंगा सुरू झाला. पाण्याचं सांगून झालं, शेळीचं सांगून झालं. मग रुपचंदभाऊंचा घसा खाकरण्याचा आवाज आला, आणि पुढे नुसती खरखर. या वेळी कोणीतरी माईक बंद केला.

गुरुवारी मधल्या सुट्टीत आबा डबा घेऊन फाटकात हजर. माझ्या कपाळाची शीर उठली. म्हटलं, जित्याची खोड! मी तरातरा निघालो. स्नेहल मैदानात गोळा घेऊन उभी होती. आबा तिच्यापाशी गेले, डबा उघडायला हात घातला, आणि थांबले. असं काही विचारायची त्यांच्या तोंडाला सवयच नव्हती. शब्द जुळवायला वेळ लागला.

"पोरी," ते म्हणाले, "भूक शे का तुले?"

स्नेहलने त्यांच्याकडे पाहिलं. नीट विचार केला.

"नही आबा."

मी फाटकापाशीच उभा राहिलो. आबांनी मान डोलावली. मग डब्याकडे बघत, जरा लाजत, म्हणाले, "मंग मी खाऊ का?"

ते पायरीवर बसून जेवले. दोन भाकरी, भरीत, वर मिरची, सगळं. स्नेहलने गोळा फेकला, तो पुन्हा अभिमनच्या गंजीत गेला, आणि आणायला मी धावलो.